१९५५ च्या पत्रादेवी गोळीबारानंतरही पोर्तुगालला जगाने जाब का विचारला नाही?

सरळ सांगायचं तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पाठीशी बडी मंडळी होती. १५ ऑगस्ट १९५५ ला आमच्या बांद्याहून निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन पत्रादेवीला हद्द ओलांडून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात गेले. पोर्तुगीज पोलिसांनी थेट गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. पण पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिका-ब्रिटनच्या लष्करी गटाचा सदस्य! (गोवा त्या कराराच्या कक्षेत येतच नव्हता, तरी.) त्याच डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालसोबतच्या निवेदनात गोव्याला वसाहत न म्हणता पोर्तुगालचा ‘प्रांत’ ठरवून टाकलं. आपल्या सरकारनेही नंतर सत्याग्रह्यांना सीमेवरच अडवलं, हेही खरंच. १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात घुसल्यावर मात्र अमेरिका-ब्रिटनला सुरक्षा परिषदेत लगेच शांतता आठवली. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला, म्हणून त्यांचा ठराव बारगळला.