फुटबॉल प्रश्नोत्तरे : संत्र्यांच्या गावातला क्लब

गेल्या महिन्यात मोरोक्कोच्या रेनेसाँस स्पोर्टिव्ह द बेरकान या क्लबचा या सदरात ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : बेरकान हे नाव कधी ऐकलेलं नाही. हे नेमकं आहे कुठे, आणि खरंच लहान गाव आहे का? (वाचक, कोल्हापूर)

मोरोक्कोच्या नकाशात उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात बघा. भूमध्य समुद्र जवळ, अल्जेरियाची सीमाही जवळ, आणि मोठं म्हणावं असं शहर म्हणजे साठेक किलोमीटरवरचं उज्दा. बेरकानची वस्ती लाखाच्या आसपास. आपल्या हिशेबाने तालुक्याचं गावच. मुलूया नदीच्या खोऱ्यातल्या या सपाट प्रदेशात पाटाचं पाणी आल्यापासून लिंबूवर्गीय फळांच्या बागा वाढल्या. इथली क्लेमेंटाइन, म्हणजे पातळ सालीची गोड छोटी संत्री, देशभर प्रसिद्ध आहेत. क्लबचा रंग नारिंगी का, हे वेगळं सांगायला नको.

कासाब्लांकामध्ये विदाद आणि रजा हे दोन क्लब एका शहरात लाखोंनी चाहते बाळगून आहेत. बेरकानच्या मैदानात जेमतेम पंधरा हजार माणसं मावतात. पुढचे आकडे वाचताना हे प्रमाण डोक्यात असू द्या.

प्रश्न : क्लब 1938 चा आहे म्हणता. मग 2018 पर्यंत काय करत होता? (वाचक, नागपूर)

खरं सांगायचं तर फारसं काही नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. क्लब निघाला तेव्हा मोरोक्को फ्रेंचांच्या संरक्षणाखाली होता. स्वातंत्र्यानंतर, 1956 पासून, राष्ट्रीय लीग सुरू झाली, पण तिच्यावर वर्चस्व राहिलं ते कासाब्लांका, रबात आणि फेस या शहरांचं. पूर्व भागाची शान होती उज्दाच्या मुलूदिया या क्लबकडे. 1957 चा पहिलावहिला थ्रोन कप, म्हणजे मोरोक्कोतल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, त्यांनीच जिंकला आणि 1975 मध्ये लीगही. बेरकान त्या सावलीत वाढला. 1987 मध्ये थ्रोन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि माराकेशच्या कवकबकडून हरला. पुढे खालच्या लीगमध्ये लांबचा मुक्काम झाला. 2012 मध्ये वरच्या लीगमध्ये, म्हणजे बोटोलात, पुनरागमन. 2014 मध्ये पुन्हा थ्रोन कपचा अंतिम सामना, पुन्हा हार, यावेळी रबातच्या फ्यूसकडून.

2018 मध्ये फेस शहराच्या विदाद फेसला (कासाब्लांकाचा विदाद वेगळा) हरवून तो कप अखेर हाती आला. ऐंशी वर्षांतला हा पहिला मोठा चषक. तेव्हा अनेकांना वाटलं, झालं, गावाने आपला एक दिवस बघितला. तसं झालं नाही.

प्रश्न : आफ्रिकेच्या कॉन्फेडरेशन कपमध्ये बेरकानच्या नावावर विक्रम आहे असं वाचलं. नेमका कोणता? (वाचक, मडगाव)

आधी स्पर्धेची जागा समजून घेऊ. आफ्रिकेत चॅम्पियन्स लीग पहिली, तिच्या खालोखाल 2004 पासून कॉन्फेडरेशन कप. युरोपातल्या युरोपा लीगसारखी तिची जागा.

बेरकान या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला 2019, 2020, 2022, 2024 आणि 2025 मध्ये. सात वर्षांत पाच वेळा. त्याआधी ट्युनिशियाच्या सी.एस. स्फाक्सियनने चार अंतिम सामने खेळले होते. त्यातले तीन जिंकले : 2007, 2008, 2013. बेरकाननेही तीन जिंकले. म्हणजे विजेतेपदांत बरोबरी, अंतिम सामन्यांत बेरकान पुढे.

पण हे पाच सामने एका मापाने मोजू नयेत. 2019 मध्ये इजिप्तच्या झमालेकविरुद्ध घरच्या मैदानावर भरपाई वेळेत टोगोच्या लाबा कोजोने गोल केला आणि 1-0. परतीच्या सामन्यात बोर्ग अल अरबला झमालेकने तेवढ्याच फरकाने हिशेब चुकता केला आणि पेनल्टीवर चषक नेला. 2020 ला कोविडमुळे सगळंच लांबलं, आणि एकच अंतिम सामना ऑक्टोबरमध्ये रबातला, रिकाम्या मैदानात झाला. इजिप्तच्या पिरॅमिड्सविरुद्ध बुर्किना फासोच्या इसुफू दायोचा एक हेडर पुरला. स्वतःच्याच देशातली राजधानी, म्हणून या विजयाला काही जण थोडे कमी गुण देतात. मी देत नाही. रिकाम्या गॅलरीला घर म्हणायचं कसं?

त्याउलट 2022 चा सामना नायजेरियात, उयो शहरात. दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सविरुद्ध जादा वेळेत आघाडी घेतली, ती 117 व्या मिनिटाला गेली, आणि तरी पेनल्टीवर 5-4 असा विजय. माझ्या मते हा त्यांचा सर्वात मोलाचा चषक. आघाडी हातची गेल्यावर तीन मिनिटांत स्वतःला सावरून पेनल्टीला उभं राहायचं, हे काम भल्याभल्यांना जमत नाही.

2024 ला पुन्हा झमालेक. घरी 2-1 जिंकले, कैरोत 0-1 हरले. एकूण 2-2, पण झमालेकने बेरकानमध्ये केलेला तो एक गोल ‘अवे गोल’ म्हणून, म्हणजे बरोबरी झाल्यास परक्या मैदानावरचे गोल जास्त धरण्याच्या नियमाने, भारी ठरला. 2025 ला टांझानियाच्या सिम्बाविरुद्ध हा धडा गिरवलेला दिसतो. घरच्या सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल केले आणि एकही खाल्ला नाही. परतीचा सामना झांझिबारला झाला, तिथे 1-1.

घरी-बाहेर अशा दोन टप्प्यांत झालेल्या तिन्ही अंतिम सामन्यांत बेरकानने घरचा सामना जिंकला आहे. चषकाचा निकाल मात्र प्रत्येक वेळी परक्या मैदानावर लागला.

प्रश्न : 2024 मध्ये उपांत्य सामना न खेळताच ते अंतिम फेरीत कसे गेले? (वाचक, पुणे)

जर्सीमुळे. त्यांच्या जर्सीवर मोरोक्कोचा नकाशा होता आणि त्यात पश्चिम सहाराचाही समावेश होता. या प्रदेशावरून मोरोक्को आणि अल्जेरिया यांच्यात दशकानुदशकं वितुष्ट आहे. जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे आणि 2021 मध्ये अल्जेरियाने राजनैतिक संबंधही तोडले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती आदल्या वर्षीच्या विजेत्या अल्जीअर्सच्या यू.एस.एम.शी. अल्जीअर्सच्या विमानतळावर जर्सी जप्त झाल्या. बेरकानने दुसऱ्या जर्सी घालायला नकार दिला आणि सामना झाला नाही. आफ्रिकन महासंघाने तो 3-0 असा बेरकानला बहाल केला. परतीच्या सामन्याला अल्जेरियन संघ बेरकानला आला, पण मैदानात उतरला नाही.

अंतिम फेरीपर्यंतचा रस्ता असा असेल तर विक्रमात तो मोजावा का? नोंदवहीत मोजला जातो, आणि मोजलाच पाहिजे. मात्र ‘पाच अंतिम सामने’ म्हणताना त्यातल्या एकाआधीची उपांत्य फेरी मैदानाबाहेर ठरली, एवढं वाक्य जोडणं प्रामाणिकपणाचं.

प्रश्न : हे यश गावाचं की फौझी लेकजा यांचं? (वाचक, ठाणे)

हा प्रश्न मोरोक्कोतही विचारला जातो, आणि तिथे आवाज चढवून. फौझी लेकजा मूळचे बेरकानचे. ते क्लबचे अध्यक्ष असताना संघ बोटोलात परतला. 2014 मध्ये ते देशाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले, पुढे अर्थसंकल्पाचं मंत्रिपदही त्यांच्याकडे आलं. महासंघाच्या प्रमुखाचं गाव जिंकू लागलं की बाकीचे भुवया उंचावणारच.

माझं मत विचाराल तर लहान गावाने बलाढ्यांना लोळवल्याची परीकथा मला पटत नाही. बागायतीचा पैसा आणि वजनदार माणूस नसता तर ही उभारी कठीण होती. पण पैसा आणि वजन मोरोक्कोतल्या इतर क्लबांकडेही आहे. तरीही दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलत असताना संघाचा कणा टिकवणं त्यांना जमत नाही. बेरकानने खेळाडू आणि प्रशिक्षक निवडताना आफ्रिकाभर नजर टाकली. 2022 च्या विजयावेळी काँगोचे फ्लोरां इबेंगे प्रशिक्षक होते, 2025 ला ट्युनिशियाचे मुईन शाबानी. शाबानींनी त्याआधी ट्युनिशियाच्याच एस्पेरान्स क्लबला दोनदा आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती. अशी माणसं लाखभर वस्तीच्या गावात यायला तयार होतात, कारण तिथे काम नीट करता येतं. शिफारशीने करार मिळतो. उयोमधल्या पाच पेनल्टी मिळत नाहीत.

प्रश्न : लीग कधी जिंकली? (वाचक, नाशिक)

2024-25 मध्ये, प्रथमच. उज्दाच्या 1975 च्या विजेतेपदानंतर बरोबर पन्नास वर्षांनी लीग पुन्हा देशाच्या पूर्व टोकाला गेली. त्याच हंगामात कॉन्फेडरेशन कपही आला, म्हणून तो हंगाम सर्वोत्तम. मात्र ऑक्टोबर 2025 च्या सुपर कपमध्ये, म्हणजे चॅम्पियन्स लीग आणि कॉन्फेडरेशन कप यांच्या विजेत्यांमधल्या सामन्यात, पिरॅमिड्सने 1-0 असं हरवून 2020 ची थोडी परतफेड केली.

प्रश्न : सुपर कपचं साल कुठे 2020 दिसतं, कुठे 2021. चूक कोणाची? (वाचक, सोलापूर)

कोणाचीच नाही. 2020 चा सुपर कप मे 2021 मध्ये दोहाला झाला आणि इजिप्तच्या अल अहलीने तो बेरकानविरुद्ध 2-0 जिंकला. काही याद्या हंगामाचं साल लावतात, काही सामन्याचं. बेरकानने सुपर कप जिंकला तो सप्टेंबर 2022 मध्ये, कासाब्लांकाच्या विदादला 2-0 हरवून. त्याच उन्हाळ्यात थ्रोन कपच्या अंतिम सामन्यातही पेनल्टीवर बेरकानकडून विदादच हरला होता. तेव्हा विदाद आफ्रिकेचा विजेता होता, हे ध्यानात घ्या.

प्रश्न : इथून पुढे गेलेला एखादा ओळखीचा खेळाडू? (वाचक, मिरज)

अयूब अल काबी. बेरकानकडून खेळत असताना 2018 च्या चान स्पर्धेत, म्हणजे देशांतर्गत लीगमधल्या खेळाडूंच्या आफ्रिकी स्पर्धेत, त्याने 9 गोल केले. 2024 मध्ये ऑलिम्पियाकोससाठी युरोपच्या कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात फिओरेंटिनाविरुद्ध 116 व्या मिनिटाला गोल करून ग्रीसच्या क्लबला पहिला युरोपीय चषक मिळवून देणारा तोच. लाबा कोजो इथूनच अमिरातीतल्या अल ऐनला गेला. दायो मात्र बरीच वर्षं बेरकानच्या बचावात पाय रोवून राहिला.