जुनी स्कॉर्पिओ घ्यावी का पिकअप?

प्रश्न: नमस्कार साहेब, निफाड तालुक्यात आमची ३ एकर शेती आहे, टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. एक २०१४ची स्कॉर्पिओ बघितलीय आणि एक २०११ची बोलेरो पिकअप, पिकअप दीड लाखाने स्वस्त पडतेय. टोमॅटोचा तोडा चालू असला की दिवसाआड ५०-६० क्रेट पिंपळगाव मार्केटला जातात, ते अडीच-तीन महिनेच. आणि आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नाशिकला न्यावं लागतं. घरात ७ माणसं. भाऊ म्हणतो पिकअपच घे, कार्यक्रमाला बाकीचे हौद्यात बसतील. काय करू?

उत्तर: दादा, आधी ते हौद्याचं डोक्यातून काढा. मालगाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाहीच, पण उद्या गाडी पलटी झाली तर मागे बसलेल्यांचा क्लेम इन्शुरन्सवाले नाकारतात, आणि पोरंबाळं तिथे कशाला धरून बसणार सांगा.

आता माल. क्रेट २० किलोचा धरला तर ६० क्रेट म्हणजे १२०० किलो, हे काम पिकअपचंच, स्कॉर्पिओत सीट काढून सुद्धा होणार नाही आणि तसं करूही नका. पण हे तीन महिन्यांचं काम आहे, आईचं वर्षभराचं. पिकअपला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात ते टनभर वजनासाठी बनवलेले, गाडी रिकामी असली की ते दबतच नाहीत, मग प्रत्येक खड्डा थेट अंगात जातो. डायलिसिस करून गळून गेलेल्या बाईला तसं ३५-४० किमी आणायचं, मला तरी नाही पटत. स्कॉर्पिओला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, कारसारखी मऊ नाही तरी खूप फरक पडतो, शिवाय मागच्या सीटवर आडवं होता येतं.

खर्चाचंही बघा. २०११च्या पिकअपला दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), वर पर्यावरण कर, म्हणजे स्वस्त पडलेले दीड लाख हळूहळू निघून जातात. स्कॉर्पिओ प्रायव्हेट असल्याने आरसी २०२९पर्यंत चालेल, पुढे ५ वर्षांसाठी रिन्यू होते.

म्हणून माझं मत, स्कॉर्पिओ घ्या आणि तोड्याच्या दिवसांत शेजारच्या दोघा-तिघांना धरून भाड्याची पिकअप लावा.

घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चलन बाकी असतील तर आधी भरायला लावा. गाडी सकाळी इंजिन थंड असतानाच चालू करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, आणि गाडी उचलून खालून चेसिसला वेल्डिंग केलंय का ते मेकॅनिकला दाखवा. आणि आईंना सोबत न्या, स्कॉर्पिओ उंच आहे, त्यांना चढता येतंय का बघा, नाही जमलं तर फूटस्टेप लावून घ्या.