पकड सुटली कुठे, ते आधी लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसता हुंकार देत होतो. राग मानू नकोस. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बोलून गेलो असतो, म्हणून लिहायला बसलोय.

कबड्डीच्या तीन स्पर्धा, तिन्हीत उपांत्य फेरीत हार, आणि तिन्ही वेळा आघाडी शेवटच्या पाच मिनिटांत गेली. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचं म्हणणं, बचाव शिकवणारे सर बदला. गावातली निम्मी माणसं त्यांच्या बाजूची. तू नवा सचिव, ठरावावर सही तुझी लागणार. सर मनापासून शिकवतात हेही तुला दिसतं आणि संघ हरतोय हेही दिसतं. तू विचारलंस, "अण्णा, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

तुझ्या जागी मी होतो. काय केलं ते पुढे सांगतो. आधी मला सांग, त्या तीन सामन्यांत मिळून पकड किती वेळा सुटली? डाव्या कोपऱ्यात किती, उजव्यात किती, मधे किती? कोण आधी उठला, आणि हातात हात घालून उभ्या साखळीतला कोण पोचलाच नाही? कुठे लिहून ठेवलंयस? नाही ना? अरे, मग माणूस कशावरून काढताय? दुकानातली उधारी वहीत असते, बोटीवरच्या डिझेलचा हिशेब वहीत असतो, आणि एका माणसाची 6 वर्षांची मेहनत मोडीत काढायची तर वहीत एक ओळ नाही. पकड सुटली कुठे, ते आधी लिही.

तू चेल्सी या इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा दाखला दिलास. जानेवारी 2021 मध्ये प्रशिक्षक लॅम्पार्डला काढलं, त्याच्या जागी टुखेल आला, खेळाडू तेच, आणि मे महिन्यात पोर्तोला मँचेस्टर सिटीला 1-0 हरवून युरोपचा करंडक उचलला. माणूस बदलला की बचाव बदलतो, असं तुझं म्हणणं. रात्री जागून तू फुटबॉल बघतोस ते चांगलंच आहे, पण बघितलंस ते पुरतं बघ. टुखेलने येऊन मागे तिघांना उभं केलं आणि दोन्ही कडांना धावणारे दोघे ठेवले. म्हणजे गळती कुठे आहे ते त्याने आधी हेरलं आणि मग उभं राहण्याची रीत बदलली. तुमच्या ठरावात त्यातलं काय आहे? नव्या माणसाने येऊन काय बदलायचं, याचा एक शब्द तरी आहे? आणि ते खेळाडू रोज सकाळी एका मैदानावर एकत्र असतात. तुमचे सात जण एका ओळीत शेवटचे कधी उभे राहिले होते?

मी सांगतो. डाव्या कोपऱ्याचा खेळाडू हर्णैच्या बोटीवर. वारं पडलं, मासळी लागली की पोरगा तिकडे, चार-चार दिवस किनाऱ्याला नाही. उजवा कव्हर, म्हणजे कोपरा आणि मधला यांच्या दरम्यान उभा राहणारा, लोट्याला कारखान्यात, पाळी बदलली की सराव बुडाला. दोघे चाकरमानी, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कशेडी उतरून यायचे आणि शनिवारी रात्री डोळ्यांत झोप घेऊन मैदानात उतरायचे. उरलेल्या तिघांना घेऊन सर रोज संध्याकाळी सराव घेतात. तिघांत साखळी कशी शिकवायची, ते तूच सांग मला.

तू स्वतः चढाईपटू. तुला कोपऱ्याचं दुखणं बाहेरून कळतं, आतून नाही. आपल्या अर्ध्या मैदानाची खोली साडेसहा मीटर. मधल्या रेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, चढाईपटूला ओलांडावी लागते ती, तिच्या पुढे 1 मीटरवर बोनस गुणाची रेषा. मागे उरतात 1.75 मीटर. तेवढ्या पट्टीत कोपरा उभा असतो, अंतिम रेषा टाचेला लागून. समोरचा बोनसला पाय टाकतो तेव्हा त्याचा घोटा क्षणभर मोकळा असतो. कोपऱ्याने वाकून घोटा धरला की काम अर्धं झालं. पुढचं अर्धं शेजारच्याचं आणि कव्हरचं. ते पोचले नाहीत तर चढाईपटू त्या एका माणसाला ओढत मधली रेषा गाठतो. बघणाऱ्याला वाटतं कोपरा कच्चा. कोपरा कच्चा नसतो, तो एकटा पडलेला असतो.

आणि शेजारी कधी पोचतो? हाताला कळलं तर. कोपरा उठायच्या आधी शेजाऱ्याचा हात दाबतो, आणि तो दाब ओळखायला दोघांनी शेकडो वेळा हातात हात घालून उभं राहावं लागतं. फळ्यावर काढून, मोबाइलवर दाखवून ते येत नाही. नवा सर आला तरी ते हात तेच आणि त्यांना मिळणारा वेळही तेवढाच.

2018 साली जकार्ताला काय झालं ते आठव. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई खेळांत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण दर वेळी आपलं, सलग सात. आणि इराणने उपांत्य फेरीत आपल्याला 27-18 असं हरवलं. तेव्हा सगळे आपल्याच संघाला दोष देत बसले. मी मात्र त्यांचा फाझल अत्राचली बघत होतो. डावा कोपरा. हा 2015 पासून यू मुम्बा संघाकडून आणि पुढे इतरांकडून आपल्याच प्रो कबड्डी लीगमध्ये आपल्याच पोरांचे पाय बघत आला होता. कोणाचा कुठला पाय आधी उचलतो हे त्याला पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलींनीही अंतिम सामन्यात आपल्या मुलींना 27-24 असं हरवलं, आणि त्या मुलींना शिकवणारी बाई कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. शिकवणाऱ्याने फरक पडत नाही असं मी म्हणतच नाहीये, हे नीट समजून घे. पडतो, पुष्कळ पडतो. म्हणूनच तो घाईत बदलायचा नसतो.

आता माझं ऐक. हे मी घरातही कधी धड बोललेलो नाही.

1994 साली मी मंडळाचा सचिव होतो आणि संघाचा डावा कोपराही मीच. आमचे मास्तर 9 वर्षं शिकवत होते. भात कापून झालं की मळ्यातली धसकटं उपटायला आमच्याबरोबर स्वतः बसायचे, चोपणीने जमीन सपाट करायची, दोरी लावून मैदान आखायचं. ओहोटी असली की पुळणीवर न्यायचे, कारण ओल्या वाळूत घोटा धरून दाखवला तर मातीत तो सुटत नाही. त्या वर्षी आम्ही लागोपाठ हरलो. बैठकीत मीच म्हणालो की मास्तरांचं शिकवणं जुनं झालं, आता बाहेरचा माणूस आणू. हात वर झाले. मास्तर ओटीवर बसले होते. उठले, चपला घातल्या आणि गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाहेरचा माणूस आला, एक हंगाम राहिला. आम्ही पुन्हा हरलो, आधीपेक्षा मोठ्या फरकाने.

पुढे दोन वर्षांनी मास्तर मला दापोलीच्या एसटी स्टँडवर भेटले. मी नजर चुकवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. घरचं विचारलं, आंबा कसा आहे विचारलं आणि मग म्हणाले, "अजून आधीच उठतोस का रे?"

एवढंच. मी काय बोलणार? पकड माझी सुटत होती. शेजाऱ्याचा हात दाबायच्या आधी मीच घोट्यावर झेप घ्यायचो. पंचांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं की लोक ओरडायचे, आणि ते ओरडणं मला आवडायचं. मास्तर मला प्रत्येक सरावात सांगत होते, थांब, हात दाब, मग ऊठ. मला ते जुनाट वाटायचं. त्या वर्षी कोणी वही ठेवली असती तर प्रत्येक पानावर माझंच नाव आलं असतं, आणि सचिव मीच असल्यामुळे वही ठेवायचं मला सुचलं नाही. मास्तरांच्या घरी जायचं मी पुढच्या गणपतीत, पुढच्या शिमग्यात असं ढकलत राहिलो. ते गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

म्हणून सांगतो, पकड सुटली कुठे ते आधी लिही. वही साधी असू दे. तारीख, सामना, कितवं मिनिट, मैदानात आपले किती, पहिला कोण उठला, दुसरा कोण पोचला, चढाई पहिली की तिसरी. सामन्यांचं चित्रण पोरांच्या मोबाइलमध्ये आहे, दोन रात्री बसलास तर तिन्ही सामने होतील. तू पेंगत असशील तर मला हाक मार, मी येऊन बसतो.

शेवटच्या पाच मिनिटांचं माझ्या नजरेला जे दिसलं ते सांगतो, पण वहीशी ताडून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मी त्यातला दुसरा सामना मैदानाशी बसून पाहिला. आपले तिघेच उरले होते. तिघांत पकड झाली की एक गुण जास्त, त्या लोभाने उजवा कोपरा दोनदा पुढे धावला. समोरच्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, ही तिसरी होती. त्याला गुण घेतल्याशिवाय परत जाताच येत नव्हतं, 30 सेकंद संपली असती की तो आपोआप बाद. आपण नुसतं मागे सरून उभं राहायचं होतं. तू कर्णधारही आहेस. त्या वेळी बाहेर बसून तू काय सांगत होतास पोरांना? मला ऐकू आलं होतं. "घ्या, घ्या" म्हणत होतास. आणि ठराव सरांच्या विरुद्ध!

दुसरं, तो सामना मॅटवर होता. आपला सगळा सराव मातीवर, अनवाणी. मॅटवर बूट घालून समोरचा ज्या झपाट्याने वळतो तो आपल्या पोरांनी वर्षातून दोनदा बघायचा. यात सरांनी काय करावं? मॅट मागायचा अर्ज मंडळाने दिलाय का कुठे? देऊन बघा. ठरावाला लागतो त्यापेक्षा कमीच कागद लागेल.

मी सरांची बाजू घेतोय असं तुला वाटेल. घेतोय. पण एक गोष्ट अशी आहे की ती खरी निघाली तर सही मी स्वतः तुझ्याकडून करून घेईन. पोरं पकडीला जायला भितायत का, ते बघ. पकड फसल्यावर डोळे चढाईपटूकडे जातात की सरांच्या बाकाकडे? चुकल्यावर चारचौघांत आईबापावरून ऐकावं लागत असेल तर पोरगा पुढच्या वेळी पाय उचलतच नाही, गुण जाऊ दे पण शिवी नको असं त्याला होतं. मग बचाव शिकवून उपयोग नाही, तो माणूस बदलावाच लागतो. हेही वहीतच दिसेल. ज्या पानावर "कोणीच उठलं नाही" असं वारंवार येईल, तिथे थांब आणि पोरांना एकेकटं गाठून विचार. घोळक्यात विचारलंस तर खरं बोलणार नाहीत.

मी शिकवत होतो तेव्हा मलाही एकदा काढलं, तुला माहीतच आहे. मी पोरांना उड्या मारू देत नाही, खेळ बघायला मजा येत नाही, अशी तक्रार होती. धडक मारून चढाईपटूला बाहेर फेकलं की टाळ्या पडतात, साखळीला टाळी नाही. मी आजही म्हणतो, मी चुकत नव्हतो. त्या हंगामात आमच्यावर लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, किती कमी पडले होते हे माझ्या वहीत आहे. ती वही मी बैठकीत नेली होती आणि कोणी उघडून पाहिली नाही. मास्तरांच्या वेळी मी काय केलं ते मला त्या संध्याकाळी कळलं, त्याच ओटीवर. त्याचं दुःख करत बसलो नाही, पण तुझ्या हातून तेच होताना गप्प बसणं मला जमणार नाही. उद्या बैठकीत तुझी वही कोणी उघडली नाही तर तू मोठ्याने वाचून दाखव. बसायला सांगितलं तरी उभा राहून वाच.

ठराव पुढच्या महिन्यावर ढकल. सचिवाला तेवढा अधिकार असतो, तो वापर. मुंबईकर चिडतील, चिडू देत. तेही आपलेच आहेत, वर्गणी त्यांचीच येते, त्यांचं तळमळणं खोटं नाही. वही झाली की तिचे फोटो त्यांना पाठव.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर ओहोटी आहे. सातही जणांना घेऊन पुळणीवर ये. हर्णैच्या पोराच्या तांडेलाशी मी बोललोय, त्या दिवशी तो त्याला सोडणार आहे. आणि सरांना तू स्वतः घरी जाऊन सांग, अण्णांनी बोलावलंय म्हणून. फोन करू नकोस, घरी जा.

तुझा,
अण्णा