दोन होऱ्या कनाला बांधल्यान?

मागच्या अंकात मी माझ्या १४ फुटी कॅटामरानबद्दल लिहिलं होतं. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष खपून बांधलेली, पॉलिनेशियन पद्धतीची, म्हणजे दोन निमुळते हल (होडीसारखी पोकळ अंगं), त्यांना जोडणारे आडवे वासे, मध्ये फळ्यांची डेक आणि एक शीड, संपलं. त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अंकच वेगळा काढावा लागेल, म्हणून त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : दोन्ही हल तुम्ही वाशांना चक्क दोरीने बांधलेत असं लिहिलंय. मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. स्टेनलेसचे बोल्ट हाताशी असताना दोरी? हे जुन्याचं उगाच कौतुक वाटतं. – एक वाचक, ऐरोली

साहेब, मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी नुसतं वाटून थांबलो नाही, प्लॅनमध्ये स्पष्ट दोरी लिहिलेली असताना शहाणपणा करून पुढच्या वाशाला ३१६ ग्रेडचे दोन जाडजूड बोल्ट मारले. तिसऱ्याच फेरीला खाडीत वाशी गावाच्या दक्षिणेला एका लाँचची लाट तिरकी आली, डावा हल लाटेवर चढला तेव्हा उजवा अजून खाली खड्ड्यात होता, आणि कट् करून आवाज आला. बोल्टला ओरखडासुद्धा नाही, पण त्याच्या भोवतीचं लाकूड चिरलेलं, गोल भोकाचं लांबट भोक झालेलं, त्यात करंगळी जात होती. तसाच हळूहळू परत आलो, सगळा वेळ त्या भोकाकडे बघत.

आता तुम्हाला मी लोड सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. दोन हल एकाच वेळी दोन वेगळ्या लाटांवर असतात, त्यामुळे जोड सतत पिळला जातो, ओला टॉवेल पिळतो तसा. जोड ताठ असेल तर तो सगळा पीळ बोल्टच्या भोकाच्या काठावर येतो, आणि लाकूड तिथेच हार मानतं, वर त्या भोकातून पाणी आत शिरून लाकूड कुजतं ते वेगळंच. दोरीचे दहाबारा फेरे असले की तोच भार सगळ्या फेऱ्यांत वाटला जातो आणि जोड केसभर हलतो, तेवढं हलणंच पुरतं. फक्त दोरी कमी ताणली जाणारी, पॉलिएस्टरची घ्या, नायलॉन नको, नायलॉन भिजलं की ढिलं पडतं. आधी वासा आणि हलवरचं बांधायचं ठिकाण यांच्यावरून फेरे घ्यायचे, मग त्या फेऱ्यांच्या मधून आडवे फेरे मारून आवळायचं. खरी ताकद या आडव्या फेऱ्यांत आहे. बोटाने टिचकी मारली की तुणतुण्यासारखं वाजलं पाहिजे. माझं पहिल्या वेळी वाजलं नाही, परत सोडून परत बांधलं, संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड.

आणि हे जुन्याचं कौतुक नाही हो. पॅसिफिकमधल्या लोकांकडे धातू नव्हता, त्यांनी नारळाच्या काथ्याची वेणी घालून दोन होड्या बांधल्या आणि त्या जोडीवर बायकापोरं, डुकरं, कोंबड्या, रोपं घेऊन बेटामागून बेट गाठलं, न्यूझीलंडपर्यंत गेले. विसाव्या शतकात बरेच विद्वान म्हणायचे की हे सगळं चुकून झालं, वाऱ्याने भरकटत गेले असतील. मग १९७६ मध्ये होकुलेआ नावाची साधारण ६० फुटी जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली, साधारण चार हजार किलोमीटर, बोटीवर होकायंत्रसुद्धा नाही, वाट दाखवायला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा माउ पियाईलुग, जो तारे आणि लाटांचा रोख बघून दिशा सांगायचा. होकुलेआचे हल प्लाय आणि फायबरग्लासचे आहेत, जुन्या लाकडाचे नाहीत, पण जोड मात्र बांधलेलेच. भरकटण्याच्या थिअरीला तिथे मोठा धक्का बसला.

त्याच्या वीस वर्षं आधी जेम्स व्हॅरम नावाच्या इंग्रज माणसाने स्वस्तातलं सामान वापरून तांगारोआ नावाची साडेतेवीस फुटी कॅटामरान बांधली आणि १९५५-५६ मध्ये दोन जर्मन मुलींबरोबर अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचला. तिथे तिघांनी मिळून ४० फुटी रोंगो बांधली आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कहून आयर्लंडला आले. उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडणारी ती पहिली कॅटामरान. व्हॅरम २०२१ मध्ये गेले, पण माझ्यासारख्या कितीतरी घरगुती सुतारांच्या बोटी त्यांच्याच प्लॅनवरून होतात.

तरीही पटत नसेल तर एकदा मालवणला जाऊन उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगतं लाकूड जोडलेली होडी जवळून बघा. बाजूची ती उलांडी काय नटबोल्टवर उभी असते? आपल्या घरची विद्या आपल्यालाच परदेशी वाटते, माझंही तेच झालं. बोट पहिल्यांदा दिवाळे गावाच्या जेट्टीवर नेली तेव्हा जाळं विणत बसलेले एक आजोबा कितीतरी वेळ नुसते बघत होते, मग म्हणाले, "दोन होऱ्या कनाला बांधल्यान?" म्हणजे दोन होड्या कशाला बांधल्यात? मी तुमच्यासारखंच लेक्चर सुरू केलं, दोन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून त्या बोल्टांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यो सुटंल." सुटला नाही, फाटला, एवढाच काय तो फरक.

प्रश्न : ठाण्याच्या मार्केटमध्ये दुकानदार सगळ्याच प्लायला मरीन म्हणतो. ओळखायचं कसं? – एक वाचक, वर्तकनगर

शिक्का बघा, आयएस (भारतीय मानक) ७१० हा मरीनचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा. ३०३ असेल तर तो कपाटं, किचनच्या ट्रॉलीसाठी, त्याची बोट करू नका. पण शिक्का मारायला काय लागतं, म्हणून तुकडा उकळून बघा. मानकाप्रमाणे चाचणीला ७२ तास उकळतात, आपण घरी एवढं नाही करत, पण एक शीट आधी आणून त्याचा हातभर तुकडा जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळला तरी लबाडी कळते. माझ्या पहिल्या शीटचा तुकडा तिसऱ्या तासाला पापुद्रे सुटल्यासारखा उघडला आणि घरभर फेविकॉलसारखा वास, बायको माहेरी होती म्हणून वाचलो. दुकानदार म्हणाला "साहेब, प्लाय उकळायला असतो का?" त्याचंही बरोबर आहे म्हणा. पैसे काही परत मिळाले नाहीत, त्या शीटची आता माळ्यावर फळी आहे.

आणि इपॉक्सीबद्दल, म्हणजे प्लाय जोडायच्या रेझिनबद्दल, न विचारता सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे खोल डब्यात इपॉक्सी कालवून ठेवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, माझा एक डबा धूर सोडून वितळला. थोडंथोडं कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात उलटा त्रास, हवेतल्या ओलाव्याने वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात मारू नका, नाहीतर सोलून येईल.

प्रश्न : काका, कॅटामरान हा शब्द पॉलिनेशियन भाषेतला आहे का? मला प्रोजेक्टला हवंय. – दहावीतली वाचक, कळवा

नाही गं, आपल्या शेजारचाच आहे, तमिळ. कट्टू म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, कट्टुमरम. पण गंमत अशी की तमिळ कोळ्यांचं कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, त्याला दोन हल नसतात. गोऱ्या खलाशांनी शब्द इथून उचलला आणि पुढे तो दोन हलच्या बोटीला चिकटला. ताहितीत मोठ्या जोडहोडीला पाही म्हणतात, हवाईत वआ कौलुआ. प्रोजेक्टमध्ये ओंडक्याचं आणि जोडहोडीचं अशी दोन्ही चित्रं काढ, बाई खूश होतील.

प्रश्न : नवी मुंबईत शिडाची बोट चालवायला वारा आणि पाणी आहे का, की सगळा गाळच? – एक वाचक, सीवूड्स

दोन्ही आहे, आणि गाळ तर आहेच आहे. ठाण्याची खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली, आणि ऑक्टोबर ते मे दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा बाजूने मिळतो, आणि कॅटामरानला तोच सगळ्यात आवडतो. सकाळी मतलई वारा मरतो आणि मग तासभर आरशासारखं पाणी, तेव्हा वल्हं मारत बसायची तयारी ठेवा.

उधाणाला इथे भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, पाणी सरसर उतरतं. आपली बोट सव्वा फूट पाण्यातही तरंगते या घमेंडीत मी एकदा काठाजवळ रेंगाळलो आणि पुढचे पाच तास गाळात बसून डबा खाल्ला, समोर फ्लेमिंगो चरत होते, त्यांना काही घेणंदेणं नाही. उतरून ढकलायचा विचारही करू नका, गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि चप्पल कायमची जाते.

ऐरोली ते वाशी पुलाच्या मधल्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये रामसर या जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलंय, तिथे वनखात्याला न विचारता घुसू नका. वाशी पुलाच्या दक्षिणेला खाडी रुंद होते, शिकायला तीच बरी, फक्त खाली न्हावाशेवाकडे मोठ्या जहाजांच्या वाटेत जायचं नाही, ती जहाजं तुमच्यासाठी थांबत नाहीत, त्यांना थांबताच येत नाही. पुलाखालून जायचं असेल तर डोलकाठी आडवी पाडता येईल अशी ठेवा. नोंदणी आणि परवान्याचं मेरीटाइम बोर्डात आधी जाऊन विचारा, बोट बांधून झाल्यावर नाही. आणि पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर. जून-जुलैत आपले कोळीसुद्धा मासेमारी बंद ठेवतात, आपण कोण लागून गेलो.

एक गोष्ट मात्र डोक्यात फिट करा. जड तळाची साधी शिडाची बोट आडवी झाली तर परत उभी राहायला बघते, कॅटामरान एकदा पूर्ण उलटली की उलटीच राहते. म्हणून वारा वाढतोय असं वाटलं की शीड तेव्हाच कमी करायचं, "अजून थोडं बघू" नाही.

प्रश्न : आमच्या ह्यांनी तुमचं वाचून २१ फुटी बोट गच्चीवर बांधायचं ठरवलंय, म्हणतात या मापाच्या बोटीने माणसाने पृथ्वीची फेरी मारलीय. हे खरं आहे का? मी काय करू? – एक वाचक, कोपरखैरणे

वहिनी, खरं आहे. व्हॅरमच्या टिकी २१ या डिझाइनची बोट, नाव 'कुकिंग फॅट', ती रोरी मॅकडूगल नावाच्या माणसाने १९९१ ते १९९७ अशी सहा वर्षं लावून जगभर फिरवली. म्हणजे ह्यांना खोटं पाडता येणार नाही, पण सहा वर्षं हा आकडा जेवताना सहज बोलता बोलता टाकून बघा.

बांधू द्या, पण गच्चीवर नको. २१ फुटी हल जिन्याच्या वळणावर वळत नाही आणि लिफ्टचा तर प्रश्नच नाही, मग क्रेन आली, सोसायटीची मीटिंग आली, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचं नेहमीचं आलंच. आधी १४ फुटी करू द्या, तीही तळमजल्यावर, आणि प्लाय आणायच्या आधी पार्किंगच्या गेटची रुंदी टेपने मोजायला लावा. आमच्या वेळी मी वासे बांधून अख्खी बोट तयार केली आणि मग लक्षात आलं की ती गेटपेक्षा दीड हात रुंद झालीय. वॉचमन म्हणाला, "साहेब, गेट तोडायचं का?" बोल्ट मारलेल्या वाशाचे नट पेंटने घट्ट बसलेले, ते निघायला अर्धा तास आणि एक पाना गेला. दोरी मात्र पाच मिनिटांत सोडली, दोन्ही हल एकामागोमाग एक टेम्पोत गेले.