फुटीच्या मैदानावरील वर्णद्वेष : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही पुण्याहून मेलबर्नला आलो असून मुलगा इथे फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळतो. प्रेक्षक तर कोणत्याही खेळाडूची हुर्यो उडवतात. मग अ‍ॅडम गुड्स यांच्याच बाबतीत त्याला वर्णद्वेष का म्हणतात?

उत्तर : कारण त्याचा क्रम पाहावा लागतो. मे 2013 मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर तेरा वर्षांच्या एका मुलीने या मूलनिवासी खेळाडूला ‘वानर’ म्हटले. गुड्स यांनी सुरक्षारक्षकांना ती दाखवून दिली आणि दुसऱ्याच दिवशी तिला दोष न देता समजून घ्यावे, असे आवाहनही केले. 2014 मध्ये ते ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ या राष्ट्रीय सन्मानाचे मानकरी ठरले आणि वर्णद्वेषाविषयी उघडपणे बोलू लागले. सामन्यागणिक हुर्यो सुरू झाली ती त्यानंतर. मे 2015 मध्ये त्यांनी मैदानावर मूलनिवासी युद्धनृत्याचा आविर्भाव केल्यावर तर ती कमालीची वाढली. ‘ते फ्री किकसाठी मुद्दाम पडतात’ असा बचाव मांडला गेला. परंतु ज्या खेळाबद्दल त्यांना 2003 आणि 2006 मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाले, तो खेळ एकाएकी का खुपू लागला, याचे उत्तर त्या बचावात सापडत नाही. 372 सामने खेळलेला हा खेळाडू 2015 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा अंतिम सामन्याच्या दिवशीचा निरोपाचा मानही त्याने स्वीकारला नाही. फुटीची राष्ट्रीय लीग असलेल्या एएफएलने आणि तिच्या अठराही क्लबांनी माफी मागितली ती जून 2019 मध्ये, म्हणजे ती ऐकायला गुड्स मैदानावर नसताना.

प्रश्न : याविरुद्ध नियम नव्हता का?

उत्तर : होता. 1993 मध्ये निकी विनमार या मूलनिवासी खेळाडूने प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शेरेबाजीला उत्तर म्हणून जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले, 1995 मध्ये दुसरे मूलनिवासी खेळाडू मायकल लाँग यांनी प्रतिस्पर्ध्याच्या वर्णद्वेषी शिवीबद्दल तक्रार लावून धरली आणि त्याच वर्षी नियम आला. मात्र तो प्रामुख्याने मैदानावरील खेळाडूंसाठी होता. हजारो प्रेक्षकांच्या हुर्योला तो कसा लावणार?

प्रश्न : इतक्या वंशांचे खेळाडू असताना भेदभाव उरतोच कसा?

उत्तर : संघात घेणे आणि निर्णयात सहभागी करून घेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. रग्बी लीग या इथल्या दुसऱ्या लोकप्रिय खेळात निम्म्याच्या आसपास खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत. प्रशिक्षक आणि संचालकांत मात्र ते प्रमाण दिसत नाही. फुटीच्या कॉलिंगवूड क्लबमध्ये तिथले माजी कृष्णवर्णीय खेळाडू हेरिटिए लुमुम्बा यांच्या तक्रारींनंतर झालेल्या चौकशीने 2021 मध्ये तिथला वर्णद्वेष व्यवस्थेतच मुरलेला असल्याचे म्हटले. त्यावर क्लबच्या अध्यक्षांनी तो दिवस अभिमानाचा असल्याचे सांगितले (अहवाल वाचूनही असे सुचावे, हे नवलच) आणि थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले.

प्रश्न : माझ्या मुलाला कोणी रंगावरून बोलले तर?

उत्तर : नेमके शब्द, वेळ आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत, प्रशिक्षकांशी बोलावे आणि क्लबकडे लेखी तक्रार करून लेखी उत्तरच मागावे. क्लबने टाळाटाळ केल्यास स्थानिक लीगकडे जावे. ‘मुले आहेत, चालायचेच’ या उत्तरावर तक्रार मागे घेऊ नये.