पूररेषेजवळचा फ्लॅट आणि ब्रोशरमधली बाग

प्रश्न : ताई, कसबा बावड्याच्या बाजूला नदीकडं एक अपार्टमेंट स्कीम बघून आलो, प्लॉट साधारण ५००० चौरस मीटरचा, दोन बिल्डिंगा, ब्रोशरमधे मोठी बाग. शेजारची लोकं म्हणतात २०२१ ला इथं पाणी आलेलं. बिल्डर म्हणतोय प्लिंथ (जमिनीपासनं तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा चौथरा) उंच घेतलाय, काळजी करू नका, आणि उघड्यावरच्या पार्किंगचे वेगळे पैसे मागतोय. बुकिंग करू का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, लगेच नको. आधी ब्रोशर बाजूला ठेवा आणि मंजूर ले-आउट (प्लॉटचा आराखडा) मागा, त्यावर निळी आणि लाल पूररेषा कुठनं जातात ते बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवी बिल्डिंग बांधताच येत नाही, निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येते पण प्लिंथ लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर पाहिजे. म्हणजे बिल्डर म्हणतोय तसा प्लिंथ उंच असेलही, पण कशापेक्षा उंच? रस्त्यापेक्षा की लाल रेषेपेक्षा, हे त्याच्याकडनं लेखी घ्या. आणि प्लिंथ वर गेला म्हणून खालच्या गाड्या, लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, पाण्याची टाकी वर जात नाही हो. २०१९ ला आपल्या गावात किती माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती पण खाली उतरायला रस्ताच नव्हता, बोटीनं काढावं लागलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं गेटपासनं मेन रोडपर्यंतच्या रस्त्याची उंचीही विचारा.

आता बाग. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणं ४००० चौरस मीटर किंवा त्याच्या वरच्या प्लॉटला किमान १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, म्हणजे तुमच्याकडं निदान ५०० चौरस मीटर. ती बाग म्हणजे बिल्डरनं हौसेनं दिलेली नाही. पण नदीकडच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात ती ढकलली असेल तर पावसाळ्यात तिथं चिखलच राहणार आणि पोरं खेळणार पार्किंगमधेच, मला ह्याचं फार वाईट वाटतं. पावसात एकदा साइटवर जाऊन या, पाणी कुठं साठतंय ते बघा.

उघड्यावरच्या पार्किंगचे पैसे देऊ नका, रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा) कायद्यात ती सामाईक जागा आहे, विकायची नाही. रजिस्टर अॅग्रीमेंट केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. उद्या बागेच्या जागी तिसरी बिल्डिंग काढायचं ठरलं तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, म्हणून कुठल्याही कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि ले-आउटची प्रत हातात आली की मला परत लिहा, दोन्ही नीट बघून सांगते.