स्क्रू जॅकची कार्यक्षमता 34 टक्केच आली, माझं गणित चुकलं का?

नाही, गणित बरोबर आहे. (स्क्रू जॅक म्हणजे स्क्रू फिरवून गाडीसारखा जड भार वर उचलण्याचं साधन.) तुमचे आकडे (भार 10,000 न्यूटन, एकेरी चौकोनी आटे, पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर 10 मिमी, सरासरी व्यास 40 मिमी, हँडल 500 मिमी, घर्षण गुणांक 0.15) मीही मांडून पाहिले. डिप्लोमाच्या मुलांना हा भाग शिकवताना हीच शंका दरवर्षी येते.

सूत्राआधी एका फेऱ्याचा हिशेब करा. हँडलचं टोक 2π × 500, म्हणजे 3,142 मिमी फिरतं आणि भार चढतो फक्त 10 मिमी. या दोन अंतरांचा भागाकार, म्हणजे वेग गुणोत्तर, 314. घर्षण नसतं तर 32 न्यूटन बल पुरलं असतं.

आता घर्षण धरू. आट्याच्या चढाचा कोन 4.55 अंश (टॅन = 10 ÷ 40π), घर्षण कोन 8.53 अंश (टॅन = घर्षण गुणांक 0.15). दोन्हींच्या बेरजेचा टॅन 0.232. त्याला भाराने आणि 20 मिमी त्रिज्येने गुणून 500 ने भागलं की हँडलवर 93 न्यूटन येतात. एका फेऱ्यात आपण 292 ज्यूल खर्च करतो, भाराला मिळतात 100, म्हणजे तुमचे 34 टक्के. उरलेले 192 ज्यूल आट्यांच्या घासण्यात उष्णता होऊन जातात.

हे नुकसान वाटतं, पण जॅकचा जीव त्यातच आहे. घर्षण कोन चढाच्या कोनापेक्षा मोठा आहे म्हणून हँडल सोडलं तरी गाडी खाली येत नाही. उलट उतरवायलाही साधारण 28 न्यूटन लावावे लागतात. दोन्ही कोन सारखे झाले की कार्यक्षमता (1 − टॅन²φ) ÷ 2 येते (φ म्हणजे घर्षण कोन), म्हणजे निम्म्याहून कमीच. त्यामुळे आपोआप न उतरणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनमधला बॉल स्क्रू, म्हणजे आट्यांत गोळ्या फिरणारा स्क्रू, 90 टक्क्यांच्या आसपास जातो, पण उभ्या अक्षावर त्याला वेगळा ब्रेक द्यावा लागतो.

दुहेरी आटे असतील तर एका फेऱ्यात भार दोन पिच चढतो, ते विसरू नका.

आणि जॅकच्या टोपीखालचं (स्क्रूच्या वर भार टेकतो त्या भागाखालचं) घर्षण तुम्ही धरलेलं नाही. तिथेही 0.15 गुणांक आणि 20 मिमी सरासरी त्रिज्या घेतली, तर बल 153 न्यूटन होतं आणि कार्यक्षमता 21 टक्क्यांवर येते. प्रश्नात टोपीचा उल्लेख नसेल तर तुमचं 34 टक्के हेच उत्तर लिहा.